दहावीनंतर डिप्लोमा की बारावी करून डिग्री? कोकणातून सिव्हिल इंजिनीअरिंगला जाणाऱ्यांसाठी

भाचीने दहावीला ८९ टक्के काढले आणि दुसऱ्याच दिवशी भावोजींचा फोन. "सिव्हिल म्हणत्येय. डिप्लोमाला घालू की अकरावी सायन्सला?" मी स्वतः डिप्लोमा करून मग डायरेक्ट सेकंड इयरला डिग्रीला गेलेला, आणि आता पंधरा-सोळा वर्षं साइटवर. त्यामुळे मी एकाच बाजूने बोलणार हे त्यांनी धरूनच फोन केला होता. फोनवर सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

वर्षांचा हिशेब आधी मिटवू. डिप्लोमाची ३ आणि थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन डिग्रीची ३. दुसरीकडे अकरावी-बारावीची २ आणि डिग्रीची ४. दोन्हीकडे ६च. "डिप्लोमात वर्ष फुकट जातं" असं वाडीतलं कोणीतरी सांगणारच, त्यांना बोटं मोजून दाखवा. खरा फरक मधल्या थांब्याचा आहे. घरात काही अडचण आली आणि शिक्षण थांबवावं लागलं, तर डिप्लोमावाल्याच्या हातात एकोणिसाव्या वर्षी नोकरी देणारा कागद असतो. नुसत्या बारावी सायन्सवर सिव्हिलमध्ये कोणी उभं करत नाही.

आता प्रवेश. इथे आपल्याकडची एक गंमत लक्षात घ्या. कोकण बोर्ड दरवर्षी निकालात राज्यात पहिलं येतं आणि आपण पेढे वाटतो. पण इंजिनीअरिंगच्या डिग्रीची मेरिट लागते सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, पर्सेंटाइलवर. बारावीचे मार्क तिथे फक्त पात्रतेपुरते. सीईटीचा पेपर २०० मार्कांचा, त्यातलं गणितच १००, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे सगळा खेळ वेगाचा. तो वेग क्लासमध्ये टेस्ट देऊन देऊन येतो. रत्नागिरी-चिपळूणला क्लास मिळतील, पण राजापूरच्या आतल्या गावातून एसटीने ये-जा करणाऱ्या पोराला ते कितपत जमेल? डिप्लोमाची मेरिट मात्र दहावीच्या मार्कांवर लागते, आणि तिथे आपली पोरं भारी पडतात. हातात असलेलं नाणं डिप्लोमात चालतं, सीईटीत नवं पाडावं लागतं. भाचीच्या बाबतीत माझा कौल इथेच निम्मा ठरला.

दुसरी बाजूही सांगतो. सिव्हिलला कॉम्प्युटरइतकी झुंबड नाही. त्याच कॉलेजात कॉम्प्युटरचे प्रवेश ज्या पर्सेंटाइलला बंद होतात त्याच्या बऱ्याच खाली सिव्हिल मिळतं. म्हणजे सीईटीत फार चमकला नाही तरी सिव्हिल अगदी हातचं जाईल असं नाही. उलट डिप्लोमानंतर डिग्रीला सीईटी नसली तरी डिप्लोमाचे मार्क चांगले लागतात, कारण थेट दुसऱ्या वर्षाच्या वेगळ्या जागा मोजक्याच, बाकी पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या. मुंबईचं व्हीजेटीआय किंवा अंधेरीचं सरदार पटेल डोळ्यासमोर असेल तर डिप्लोमाच्या तिन्ही वर्षांत ढिलाई चालत नाही.

शिकवण्यात काय फरक? मला आठवतो तो देवबागचा एक स्लॅब. डिप्लोमाच्या ट्रेनिंगला होतो, वय सतरा. समुद्र हाकेच्या अंतरावर. मिस्त्री सळ्यांखाली कव्हर ब्लॉकऐवजी (सळी साच्यापासून उचलून धरणारे सिमेंटचे ठोकळे) दगडाचे तुकडे सरकवत होता. "दगडाचो तुकडो लावलो तरी चालता रे." साहेबांनी टेप लावली. कुठे १५ मिलिमीटर, कुठे सळी सरळ साच्याच्या प्लायला टेकलेली. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात किनाऱ्यावरच्या काँक्रीटला ४५ मिलिमीटर कव्हर (सळीवरचा काँक्रीटचा थर) आणि किमान एम ३० ताकदीचं काँक्रीट सांगितलंय, कारण खारी हवा काँक्रीटमधून आत शिरते, सळी गंजते, गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटतं. किनाऱ्यावरची कितीतरी घरं वर पाहिलं की हेच दाखवतात. त्या दिवशी सगळे तुकडे काढून सिमेंटचे ब्लॉक घातले, ओतणं संध्याकाळवर गेलं. कोष्टक मी नंतर पाठ केलं, आकडा मात्र त्या स्लॅबवरच डोक्यात बसला. सर्व्हे, लेव्हलिंग, एस्टिमेट, ड्रॉइंग, हे डिप्लोमात हाताने इतकं घोटतात की साइटवर पहिल्या दिवशी अडत नाही.

पण त्याची किंमत मी डिग्रीत मोजली. थेट दुसऱ्या वर्षाला बसलो ते बारावी आणि पहिलं वर्ष दोन्हींचं गणित न करता. एम-थ्रीच्या, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरच्या, पहिल्याच तासाला फळ्यावर लाप्लास ट्रान्सफॉर्म. शेजारचा बारावीवाला आरामात उतरवून घेत होता आणि मी इंटिग्रेशनचा नियम आठवत होतो. पहिल्या खेपेला विषय राहिला. जाणार असाल तर डिप्लोमाच्या शेवटच्या सुट्टीत बारावीचं कॅल्क्युलस कोणाकडून तरी करून घ्या, याहून कामाचा सल्ला माझ्याकडे नाही.

आणि ज्याला आकडेमोडच आवडते, त्याने बारावीच करावी. रत्नागिरीजवळ कोकण रेल्वेचा पानवलचा पूल आहे, सुमारे ६४ मीटर उंच. तो पाहून एखाद्याला "हा बांधला कसा?" असं वाटतं आणि एखाद्याला "हा वाऱ्यात पडत का नाही?" दुसरा प्रश्न पडणाऱ्याने डिप्लोमात तीन वर्षं घालवू नयेत. स्ट्रक्चरल डिझाइन, परशुराम घाटासारख्या डोंगराचा उतार ढासळतो कसा याचं गणित, पुढे गेट देऊन एम.टेक., सगळं डिग्रीच्याच वाटेवर आहे.

सरकारी नोकरीचं थोडक्यात: कनिष्ठ अभियंत्याला डिप्लोमा पुरतो, एमपीएससीच्या सहायक अभियंत्याला डिग्री लागते. बांधकाम खात्यात चिकटायचं एवढंच ध्येय असेल तर हिशेब सोपा आहे.

ठिकाणांचं म्हणाल तर रत्नागिरी, मालवण आणि पेणला सरकारी पॉलिटेक्निक आहे, फी खाजगीच्या मानाने किरकोळ. डिग्रीला किनारपट्टी सोडायची नसेल तर लोणेऱ्याचं बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहेच, मुंबई-गोवा हायवेवर. मुंबईला गेलात तर कॉलेजच्या फीपेक्षा राहण्याखाण्याचा खर्च जास्त टोचतो. भावोजींना हे पटलं, कारण त्यांचा भाऊ नालासोपाऱ्याला भाड्याने राहतो. मुलींसाठी आणखी एक: २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक डिग्रीची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. "पोरीला साइटवर कुठे पाठवतेस?" म्हणणाऱ्या आजीला हे ऐकवून काही उपयोग झाला नाही, ती गोष्ट वेगळी.

भाची मालवणचा फॉर्म भरतेय, अकरावीचाही भरून ठेवायला सांगितलाय. उत्पन्नाचा आणि नॉन-क्रीमीलेअरचा दाखला मात्र अजून काढलेला नाही, आणि तहसीलला या दिवसांत काय गर्दी असते ते सांगायला नको.