भुसावळची लाइन की सुरतची? धावत्या गाड्यांचे फोटो काढू पाहणाऱ्या खान्देशकरांसाठी

धावत्या गाड्यांचे फोटो काढायचा नाद लागला की माणूस आधी कॅमेऱ्यांच्या किमती बघत बसतो. माझ्या मते आधी लाइन ठरवावी. जळगाव जंक्शनवर आपल्याकडे दोन लाइनी मिळतात: मुंबईहून चाळीसगाव-पाचोऱ्यामार्गे भुसावळकडे जाणारी मेन लाइन आणि नंदुरबार-अमळनेरहून येणारी सुरत लाइन. दोन्हीकडे वीज, दोन्हीकडे मालगाड्या. तरी फोटो काढणाऱ्याला दोघींचा अनुभव पार वेगळा येतो.

मेन लाइनची श्रीमंती म्हणजे गाड्या. भुसावळला खंडव्याकडची आणि नागपूरकडची वाट वेगळी होते, त्यामुळे जळगाव-भुसावळ या पंचवीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात सगळीच वाहतूक एकवटते. राजधानी, पंजाब मेल, गीतांजली आणि त्यांच्या मधल्या फटीत मालगाड्या. एक फोटो हलला, डोळा चुकला तरी बिघडत नाही, पुढची गाडी येतेच. हात बसवायला याहून चांगली जागा खान्देशात नाही.

पण खुद्द भुसावळ स्टेशनावर जाऊन वेगाचे फोटो मिळतील असं समजू नका. तिथे जवळपास सगळ्याच गाड्या थांबतात. इंजिनांची ओळख करून घ्यायला, डब्ल्यूएपी-७ आणि डब्ल्यूएपी-४ यांच्या तोंडवळ्यातला फरक नजरेत बसवायला ते उत्तम, वेगासाठी मात्र भादली किंवा शिरसोलीसारखं छोटं स्टेशन गाठावं. दुसरी अडचण गर्दीची. तिसरी-चौथी लाइन झाल्यापासून जळगाव-भुसावळ पट्ट्यात खांब आणि तारांचं जाळं दाट झालंय. तुम्ही एक्स्प्रेसची वाट बघत असता आणि नेमक्या त्या क्षणी अलीकडच्या लाइनवर कोळशाची मालगाडी आडवी येते. मग तिचे डबे मोजत बसा.

सुरत लाइनवर हा ताप कमी. धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा या भागात दोनच मार्ग, दोन्ही बाजूंना कापूस-ज्वारीची शेतं आणि मोकळं आभाळ. नवजीवन किंवा ताप्ती गंगा एक्स्प्रेस अशा पार्श्वभूमीवर पूर्ण लांबीची मिळते. पाळधीच्या अलीकडे ही लाइन गिरणा ओलांडते, पावसाळ्यात पाणी असताना तो पूल लांबून, काठावरून टिपण्यासारखा आहे. किंमत मोजायची ती वेळेची. गाड्या कमी, त्यामुळे बसून राहावं लागतं, आणि आलेली गाडी हुकली की बराच वेळ हात चोळत बसायचं. ज्याला थांबायचा कंटाळा आहे त्याने या लाइनच्या नादी लागूच नये.

उजेडाचा हिशेब दोन्हीकडे साधारण सारखाच, कारण जळगाव-भुसावळ पट्टा आणि सुरत लाइन दोन्ही ढोबळमानाने पूर्व-पश्चिम धावतात. सकाळी पूर्वेकडे तोंड करून जाणाऱ्या गाडीच्या दर्शनी भागावर ऊन पडतं, संध्याकाळी पश्चिमेकडे जाणारीच्या. हिवाळ्यात रुळांच्या दक्षिणेला उभं राहावं. एप्रिल अखेरपासून ऑगस्टपर्यंत मात्र सकाळ-संध्याकाळ सूर्य उत्तरेला सरकलेला असतो, तेव्हा बाजू बदलावी. मे महिन्यात सकाळचे नऊ वाजून गेले की घरी जावं. तापलेल्या खडीवरून हवा अशी थरथरते, की लांब लेन्सने काढलेलं इंजिन वितळल्यासारखं दिसतं, आणि तो दोष पुढे कुठल्याच ॲपने निघत नाही.

खांबांचंही एक गणित आहे. वरच्या तारेचे दोन खांब जास्तीत जास्त ७२ मीटर अंतरावर असतात. इंजिन साधारण २० मीटर, एलएचबी म्हणजे नव्या बनावटीचा डबा २४ च्या आत-बाहेर. म्हणजे समोरच्या बाजूचा खांब मध्ये न येता आडव्या फोटोत फार तर इंजिन आणि दोन डबे बसतील. पूर्ण गाडी हवी असेल तर तिरकं उभं राहणं आलं, नाहीतर फाटकाजवळच्या उड्डाणपुलावरून वरचा कोन घ्यावा.

वेगाचं सांगायचं तर ताशी १३० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ३६ मीटर कापते. शटर १/१००० सेकंद ठेवलं तरी तेवढ्यात ती साडेतीन सेंटिमीटर पुढे गेलेली असते, १/२५० वर चौदा. समोरून तिरकी येणारी गाडी यात बरीच सांभाळून घेते, आडवी जाणारी नाही. कॅमेरा गाडीबरोबर फिरवून मागची केळीची बाग धूसर करायची असेल तर १/६० च्या आसपास उतरा आणि सुरुवात मालगाडीपासून करा, ती सावकाश जाते. हा सराव मेन लाइनवरच करावा, कारण यात दहातले नऊ फोटो फुकट जाणार हे धरूनच चालायचं.

मोबाइल चालेल का? तिरक्या कोनासाठी, चांगल्या उन्हात, खुशाल. आडव्या वेगात मात्र त्याचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, म्हणून डब्याच्या खिडक्या कललेल्या येतात. साधा जुना कॅमेरा मिळाला तर तो घ्या, नव्या महागड्या फोनवर पैसे घालवू नका.

स्टेशनात दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं. पोलिसाने हटकलं तर छंद म्हणून काढतोय हे सरळ सांगावं, नको म्हटलं तर वाद न घालता निघावं. रुळांवर किंवा पुलावर चढणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उड्डाणपुलावरून सेल्फी स्टिक खाली सोडणं तर जिवावरचंच, तारेत २५,००० व्होल्ट असतात.

माझा कौल असा: जळगाव-भुसावळच्या माणसाने पहिला हिवाळा भादलीला घालवावा आणि हात बसला की अमळनेरकडे वळावं. नंदुरबार, दोंडाईचावाल्यांना घराजवळच चांगलं मिळालंय, त्यांनी भुसावळची ओढ धरू नये. धुळेकरांची खरी पंचाईत, धुळे-चाळीसगाव शाखा लाइनवर गाड्याच मोजक्या. त्यांनी थंडीत नरडाणा गाठावं, आणि जास्त गाड्या हव्याच असतील तर चाळीसगावला उतरून पाचोऱ्याच्या बाजूचं एखादं छोटं स्टेशन बघावं.