कन्सल्टंट व्हायचं की पीएचडी करून प्राध्यापक? बिझनेस आयटीवाल्यांसाठी

एमसीए किंवा एमबीए सिस्टिम्स झालं, तीन-चार वर्षं आयटीत गेली, आता ईआरपी (कंपनीचा हिशोब, माल, खरेदी-विक्री एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) कन्सल्टिंग धरू की पीएचडी करून शिकवायला जाऊ, असं विचारणारे खूप भेटतात. मी नऊ वर्षं इम्प्लिमेंटेशनची कामं केली, मग पीएचडी केली, त्यामुळे दोन्हीकडचं सांगतो.

आधी एक प्रसंग. चाकणच्या एका कारखान्यात आमचं सॅप (एक ईआरपी) गो-लाइव्ह झालं, म्हणजे प्रत्यक्ष वापरात आलं, आणि तिसऱ्या आठवड्यात मी स्टोअरमध्ये गेलो तर तिथल्या काकांच्या खणात लाल कापडी बांधणीची वही, माल दिला की नोंद आधी वहीत आणि संध्याकाळी सगळं एकगठ्ठा सिस्टिममध्ये. स्क्रीनवर बेअरिंग ४० दिसत होते, रॅकवर १२. काका म्हणाले, "साहेब, लाइनवरचा माणूस दारात उभा असतो, लॉगिन होईपर्यंत तो थांबत नाय." कन्सल्टंट म्हणून माझं काम ठरलेलं होतं, वही बंद करायची, परत ट्रेनिंग द्यायचं आणि शुक्रवारच्या मीटिंगमध्ये इश्यू क्लोज दाखवायचा. तसं केलंही. पण माणूस सिस्टिम समोर असताना वही का धरून ठेवतो, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

खरा फरक इथेच आहे बघा. कन्सल्टंटला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यावं लागतं, संशोधकाला तोच प्रश्न चार-पाच वर्षं उराशी धरून बसता येतं. फ्रेड डेव्हिस या संशोधकानं १९८९ मध्ये मांडलं की माणूस सिस्टिम वापरेल की नाही हे ती त्याला कामाची वाटते का आणि सोपी वाटते का यावर ठरतं, आणि हे वाचताना मला सारखे ते काका आठवत होते.

आता पैसे. जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफचे (तिच्याच वरच्या टप्प्याचे) ४२,०००, वर घरभाडं. कायम सहायक प्राध्यापक झालात तर सातव्या वेतन आयोगात मूळ पगार ५७,७०० पासून सुरू होतो, भत्ते वेगळे. पण कायम जागा मिळेपर्यंत तासिका तत्त्वावर राबणारे, नेट-पीएचडी दोन्ही असलेले लोक मी जवळून पाहिलेत, ही गोष्ट घरी मोकळेपणानं बोलून मगच उडी घ्या. कन्सल्टिंगमध्ये पैसा लवकर येतो आणि सध्या काम आहे, कारण सॅपनं ईसीसी या आपल्या जुन्या ईआरपीचा नेहमीचा सपोर्ट २०२७ अखेरपर्यंतच ठेवलाय, जादा पैसे मोजले तर २०३० पर्यंत, म्हणून कंपन्या एस/४हाना या नव्या ईआरपीवर चालल्यात. फक्त मायग्रेशनची लाट ओसरली की निव्वळ कॉन्फिगरेशन (सिस्टिमची सेटिंग लावणं) येणाऱ्याला बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय, बसावं लागू शकतं. ज्याला कॉस्टिंग, जीएसटी, दुकानाचा-कारखान्याचा व्यवहार कळतो तो टिकतो.

दगदग दोन्हीकडे आहे. तिकडे कटओव्हरच्या (जुनी सिस्टिम बंद करून नवी चालू करण्याच्या) रात्री आणि बॅगेतलं आयुष्य, इकडे पेपर तपासणी, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली आणि जर्नलकडून परत आलेला पेपर, जो दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा आणि पुन्हा वाट बघायची. हे वाट बघणं ज्याला सोसत नाही त्यानं पीएचडीच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या मते आधी पाच-सहा वर्षं फिल्डवर काढावीत, कारण कारखाना न पाहता लिहिलेला थीसिस लगेच ओळखू येतो. पण जेआरएफला वयाची अट असते, ती आधी बघून ठेवा. उलट बाजूनंही दार आहे, यूजीसीनं २०२२ मध्ये प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस आणलं, साधारण १५ वर्षांचा अनुभव असेल तर पीएचडीशिवाय शिकवता येतं, पण मुदत जास्तीत जास्त चार वर्षं. आणि आयआयटीसारख्या ठिकाणी प्राध्यापक नियमात राहून कन्सल्टन्सी करतातच, त्यामुळे एक धरलं की दुसरं कायमचं सुटलं असं नाही.

पीएचडीच ठरलं तर विद्यापीठाच्या नावाआधी गाइड बघा. त्यांच्याकडे आत्ता करत असलेल्या दोघांना आणि मधेच सोडून गेलेल्या एकाला तरी फोन करा, ड्राफ्ट किती दिवसांत वाचून परत देतात एवढंच विचारा.