‘डीएनए टेस्टेड गीर’ : विसार देण्याआधी कागद वाचा

गाय तांबडी, कपाळ फुगीर, कान लांब. भाव शुद्ध गीरचा. घेणारा जरा कचरला की फायलीतून लॅबचा कागद निघतो: ‘ए२ए२’. सौदा होतो. पुढे कधीतरी डीएनए चिपवर (गाईच्या डीएनएतल्या हजारो खुणा एकदम वाचणारी चाचणी) तपासणी झाली की जर्सीचा चौथा हिस्सा बाहेर पडतो.

लॅबचा कागद बहुतेकदा खरा असतो, तिथेच गडी फसतो. ए२ चाचणी दुधातल्या बीटा-केसीन या प्रथिनाचं एकच जनुक बघते. प्रथिनाच्या साखळीत ६७व्या जागी प्रोलीन (ए२) आहे की हिस्टिडीन (ए१), एवढंच. दोन्ही प्रती ए२ असल्या की ‘ए२ए२’. ए२ए२ गाई जर्सीत आणि एचएफमध्येही (होल्स्टीन फ्रिजियन) सापडतात. त्यावरून जात कशी ठरणार?

याहून चलाख कागद मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाघराच्या) डीएनए चाचणीचा. हा डीएनए फक्त आईकडून येतो, आणि आपल्याकडचा संकर देशी गाईला परदेशी वळूचं वीर्य भरून झालेला. म्हणजे तीन पिढ्या जर्सी रेतन झालेली, ८७.५ टक्के जर्सी रक्ताची गायसुद्धा इथे ‘देशी’च निघणार. (ब्राझीलच्या कित्येक गीर उलट युरोपीय ठरतील, तिथल्या मूळ आयाच युरोपीय.)

रक्ताची टक्केवारी हवी तर एसएनपी चिप लागते (एसएनपी म्हणजे डीएनएतला एका अक्षराचा फरक). हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेची २०२१ची ‘इंडिगऊ’ ११,४९६ खुणा वाचते. पण टक्केवारी निघते ती संदर्भ जातींशी, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या जातींच्या नमुन्यांशी, ताडून. संदर्भात गीर, साहिवाल, कांकरेज एवढ्याच धरल्या, तर प्रोग्रामला बेरीज १०० करावीच लागते. जर्सीचं रक्त तो याच तिघींत वाटून टाकतो. म्हणून अहवालात जर्सी आणि एचएफची ओळ हवीच, समोर शून्य असलं तरी. एखाद-दोन टक्के परकं दिसलं तर बिचकू नका, तो गणिताचा गोंगाट असू शकतो. वंशावळीने ७५ टक्के गीर भरणारी गाय चिपवर ७० किंवा ८० दाखवते, तेही नैसर्गिक. आजी-आजोबांचा वाटा नेमका निम्मा-निम्मा उतरत नाही.

सगळ्यात स्वस्त लबाडी नमुन्यातली: तपासणीला पाठवलेले केस दुसऱ्याच गाईचे. शेपटीच्या गोंड्यातले २५-३० केस स्वतः उपटा. टोकाला पांढरं मूळ दिसलं पाहिजे. कापलेल्या केसांचा उपयोग नाही. कोरडे करून कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये दमट होऊन बुरशी धरते. पाकिटावरचा १२ आकडी नंबर फायलीतून उतरवू नका, गाईच्या कानातल्या बिल्ल्यावरून वाचून लिहा आणि पाकीट स्वतः पोस्टात टाका.