बचत, स्वीप की पोस्ट? वर्षभर वापरल्यावर

बडोद्यातल्या मराठी घरात एखादा काका नाहीतर मामा बँकेतला निघतोच, आणि त्याचं मत ठरलेलं असतं: एकच खातं ठेवा, बाकीच्या भानगडी नकोत. आमच्याकडे वर्षाहून जास्त काळ तीन प्रकारची खाती चालू आहेत. मला काही ते मत पटत नाही.

साधं बचत खातं पगार, यूपीआय आणि लाइट बिलापुरतं. मोठ्या बँकांचा दर सध्या 2.5 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे लाखावर वर्षाला अडीच हजार. त्यात काय बोलायचं! एका खासगी बँकेतलं खातं तर बंदच केलं. महिन्याची सरासरी शिल्लक जरा खाली आली की दंड, वर त्यावर जीएसटी.

पोस्टात 4 टक्के मिळतात आणि 500 रुपये शिल्लक पुरते. पण तिथली गोम वेगळी आहे. बँक रोजच्या शिलकीवर व्याज मोजते. पोस्ट 10 तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावर. 12 तारखेला पन्नास हजार भरलेत तर त्या महिन्यात त्यांच्यावर काही नाही. 28 ला काढलेत तरी तेच. सासूबाईंना हे पक्कं ठाऊक, त्यामुळे भरणा असला की त्या 10 च्या आत रावपुऱ्यातल्या पोस्टात जाऊन येतात. व्याज वर्षातून एकदाच जमा होतं, आणि ती ओळ त्या पासबुकावर बोट ठेवून वाचतात.

माझं आवडतं खातं स्वीपचं. ठरलेल्या रकमेवरचे पैसे आपोआप एफडीत जातात, लागले की तेवढेच मोडतात. आमच्या बँकेत शेवटची एफडी आधी मोडते, त्यामुळे जुनीचं व्याज शाबूत राहतं. स्टेटमेंट मात्र वाचवत नाही: किराण्याचं एक पेमेंट, आणि त्याखाली एफडी मोडल्याच्या दोन-तीन नोंदी. शिवाय हे व्याज एफडीचं धरतात. जुन्या करपद्धतीत बचतीच्या व्याजाला 10,000 पर्यंत सूट आहे, ती याला लागू नाही. ज्येष्ठांची 50,000 ची सूट मात्र दोन्हींना चालते, म्हणून सासऱ्यांच्या पेन्शन खात्यालाही स्वीप लावून घेतलं.

कामाला येणाऱ्या बेनचं खातं उघडताना शाखेत आधी किमान शिलकीचाच फॉर्म पुढे आला. 'बेसिक खातं हवंय' म्हटल्यावर दुसरा निघाला. शिल्लक शून्य चालते, एटीएम कार्ड फुकट, महिन्यात चार वेळा पैसे काढायला पैसे पडत नाहीत. अट एकच, त्या बँकेत दुसरं बचत खातं नको. हे खातं कुणी आपणहून सुचवत नाही, मागावं लागतं.

बँक बुडाली तर ठेवींना विम्याचं कवच एका बँकेत माणशी 5 लाखांचं, बचत आणि एफडी, मुद्दल आणि व्याज सगळं धरून. सहकारी बँकेतली आमची रक्कम त्याच्या आतच ठेवली आहे.

आता स्वीपची मर्यादा 25 हजारांवरून 40 करून घेणार आहे, म्हणजे किराण्यापायी एफडी मोडायला नको.