कमाल चौकातली लंबी रोटी आणि भिंतीवरचा हिशेब

आधी रोटीचं सांगतो. नागपुरात कमाल चौकाच्या पुढे एका गल्लीत सात बायकांच्या बचत गटाचं हे दुकान आहे. पत्र्याचं छत, दोन चुली, चुलींवर पालथी मडकी. गव्हाची सैल कणीक परातीत आपटून आपटून अशी चिवट करतात की ती हातावरून कोपरापर्यंत ओघळते, पण तुटत नाही. मग एका झटक्यात मडक्यावर. रुमालासारखी पातळ रोटी निघते, कडेला खरपूस. एक 30 रुपयांना. सोबत पाटवडीचा रस्सा 60 रुपये, झणझणीत आणि घट्ट. तर्री हवी असेल तर वेगळी मागावी लागते. उन्हाळाभर मी आमरसासोबत रोट्या नेल्या, आता रश्श्यासोबत नेतो.

मागच्या मंगळवारी माझ्यासमोर एक रोटी एका बाजूने जळली. म्हटलं, चालते, बांधा. चुलीवरच्या ताईंनी ती बाजूला ठेवली. "नाही जी काकाजी, ही आम्ही खाऊ. थांबा, दुसरी टाकते." तिथे लक्ष ठेवायला मालक नाही, कारण मालक नावाचा माणूसच नाही.

काउंटरमागे भिंतीवर खडूने महिन्याचा हिशेब लिहिलेला असतो, कोणीही वाचावा. रोजची मजुरी 400. चुलीवर उभी राहते तिला 450, कारण मे महिन्यात नागपुरात चुलीपुढे उभं राहणं काय असतं ते वेगळं सांगायला नको. मागच्या महिन्यात मजुरी, पीठ, लाकूड, भाडं जाऊन 28,000 उरले. त्यातले 7,000 गटाच्या खात्यात, बाकीचे सातजणींत सारखे, प्रत्येकी 3,000. मागे बसून कांदे चिरणाऱ्या मावशींनाही तेवढेच. त्यांचे गुडघे गेलेत, चुलीपुढे उभं राहवत नाही. यावरून त्यांच्यात आधी भांडण झालं होतं, हे त्यांनीच सांगितलं. दोघी म्हणत होत्या, काम कमी तर वाटाही कमी. दोन महिने वाद चालला. शेवटी ठरलं, मजुरी कामाप्रमाणे, नफा सगळ्यांचा. मला हा निवाडा फार आवडला.

माझे वडील नागपूरच्या एम्प्रेस या कापड गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या विभागात होते. ती मिल 1877 साली सुरू झाली. आज त्या जागी मॉल उभा आहे. दिवाळीच्या आधी घरात एकच शब्द ऐकू यायचा, बोनस. कायद्याने किमान 8.33 टक्के. आई त्यावर आमचे कपडे धरायची. नफ्यात आपलाही हात आहे, हे आमच्या घरात कोणाला पटवून द्यावं लागलं नाही.

माझा भाचा बुटीबोरीत एका कारखान्यात ठेकेदारीवर आहे. कंपनीचा नफा वाढल्याची बातमी त्यानेच मला मोबाइलवर दाखवली. त्याची रोजची मजुरी तीन वर्षांत 40 रुपयांनी वाढली. हे एकट्या त्याचं नाही. केंद्र सरकारच्या 2024-25 च्या आर्थिक पाहणीतच छापलंय की 2023-24 मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा 22.3 टक्क्यांनी वाढला आणि नोकऱ्या फक्त 1.5 टक्क्यांनी. ते वाचून मला राग आला, अजून येतो.

मेहुण्यांना एकदा इथे घेऊन आलो. रोटी त्यांनी तीन खाल्ल्या. हिशेब वाचून म्हणाले, "हा समाजवाद झाला, भाऊ. सगळ्यांना सारखं मिळालं की मेहनत कोण करतो?" मी त्यांना जळलेल्या रोटीची गोष्ट सांगितली. आणि हेही सांगितलं की ज्या वस्तीत आपण बसलोय तिथल्या घराघरात ज्यांचा फोटो आहे, त्या बाबासाहेबांनी 1947 साली घटना समितीसाठी लिहिलेल्या निवेदनात पायाभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत असं मांडलं होतं. मेहुण्यांना ते पटलं नाही. सरकारी गिरण्यांचं काय झालं, असं त्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर आहे. पण इथे सरकार नाही, सात बायका आहेत, आणि वही रोज संध्याकाळी सगळ्यांसमोर उघडते.

उणं काय? सकाळी 11 च्या आधी फोन उचलत नाहीत. रविवारी गर्दीत अर्धा तास सहज जातो आणि बसायला दोनच बाक. रस्सा पिशवीत बांधून देतात, तो सांडतो, तेव्हा घरून डबा न्या. सोमवारी बंद. जास्त रोट्या हव्या असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, कणीक तेवढीच भिजवतात.

पाचपैकी साडेचार. या रविवारी भाचा सुट्टीवर येतोय, त्याच्यासाठी बारा रोट्या सांगून आलोय.