मेडिक्लेम एवढी स्वस्त कशी, हे मी विचारलंच नाही

माझं नाशिकला इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. नव्वद मीटर वायरचं बंडल कुणी एक तृतीयांश भावात देतो म्हणाला, तर ते हातात घ्यायच्या आधीच मी सांगतो की आत तांबं तरी कमी आहे, नाहीतर मीटर तरी. बावीस वर्षं हेच करतोय. आणि तरीही जून २०२४मध्ये असलंच एक बंडल मी स्वतः पैसे मोजून घेतलं. फक्त ते वायरचं नव्हतं.

२०१६पासून आमची पाच लाखांची मेडिक्लेम होती. मी, बायको आणि मुलगा, तिघांची एकत्र. क्लेम एकदाही केला नव्हता. २०२३ला १९,८०० रुपये भरले होते, आणि २०२४ची नोटीस आली ती थेट २६,३००ची. कंपनीला फोन केला, तर म्हणाले, तुम्ही सेहेचाळीस पूर्ण केलीत, वयाचा गट बदलला, शिवाय दरही वाढलेत. ते खरंच होतं. अशा एकत्र पॉलिसीत हप्ता ठरतो तो घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर, आणि पंचेचाळिशी ओलांडली की बऱ्याच कंपन्यांत उडी बसते. त्यावर तेव्हा अठरा टक्के जीएसटीही होता. पण त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं की काही न घेता आठ वर्षं भरतोय आणि वर साडेसहा हजार वाढवून मागतायत.

त्याच आठवड्यात एक एजंट दुकानात आला. ओळखीतला, तिशीचा, बोलायला गोड. "दादा, पाच लाखाला सव्वीस हजार? मी दहा लाखाची देतो, ९,८७०त." काउंटरवरचं बिलबुक ओढून त्यानं मागच्या कोऱ्या बाजूला १०,००,००० लिहिलं, खाली ९,८७०, आणि दोन्हीभोवती एक गोल काढला. मी जुन्या पॉलिसीचं काय म्हणून विचारलं. "पोर्ट करतो ना! तुम्ही जुनी भरू नका, आपोआप बंद होईल." पोर्ट म्हणजे जुनी पॉलिसी नव्या कंपनीत हलवणं. हेच त्यानं रात्री व्हॉट्सॅपवरही लिहून पाठवलं.

घरी बायको म्हणाली, "एवढी स्वस्त कशी काय?" मी म्हणालो, नवीन कंपन्यांत स्पर्धा आहे. हे उत्तर मला कुणी दिलं नव्हतं, माझं मीच तयार केलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या मोबाइलवर फॉर्म भरला. दुकानात गिऱ्हाईक होतं. "दादा, ओटीपी आला असेल, सांगा." सांगितला. मग म्हणाला, कंपनीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर पॉलिसी अडकते. फोन आला तेव्हा मी एका वायरमनला एमसीबी दाखवत होतो. हो, हो, हो. पॉलिसीची पीडीएफ आली, ती मी वाचली नाही. मुखपृष्ठावर दहा लाख दिसले, तेवढ्यावर समाधान.

जानेवारी २०२५मध्ये बायकोच्या पोटात दुखायला लागलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन दुर्बिणीनं, खर्च साधारण सव्वा लाख. मी निर्धास्त. हॉस्पिटलच्या कॅशलेसच्या खिडकीत एक मुलगी होती, तिनं कार्डावरचा नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "काका, ही टॉप-अप आहे. तुमची बेस पॉलिसी कुठली?"

"बेस म्हणजे?"

तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. पाच लाखांचं डिडक्टिबल. म्हणजे वर्षाचा खर्च पाच लाखांच्या पुढे गेला, तरच त्या वरच्या भागापुरती ही कंपनी पैसे देणार. पहिले पाच लाख माझे, किंवा माझ्या दुसऱ्या पॉलिसीचे. ती दुसरी पॉलिसी मीच सात महिन्यांपूर्वी सोडून दिली होती. आमचं बिल झालं १,१८,०००. कार्ड परत खिशात ठेवलं आणि बँकेत गेलो, मुदत ठेव मोडायला.

त्या रात्री पहिल्यांदा पीडीएफ नीट वाचली. पित्ताशयाच्या खड्यांना दोन वर्षं वेटिंग, म्हणजे तोवर त्यांचा क्लेम मिळत नाही. जुन्या पॉलिसीत ते केव्हाच संपलं होतं. आणि प्रपोजल फॉर्मवर माझ्या नावापुढे मधुमेह: नाही. मला २०१९पासून शुगर आहे, गोळी चालू आहे, एजंटलाही मी सांगितलं होतं. हे तर फसवणुकीहून वाईट. पुढे कधी मोठा क्लेम केला असता, तर 'आजार लपवला' म्हणून कंपनीनं मलाच चोर ठरवलं असतं.

पोर्ट वगैरे काही झालंच नव्हतं. खरं पोर्ट करायचं, तर जुन्या पॉलिसीची मुदत संपायच्या किमान पंचेचाळीस दिवस आधी अर्ज करावा लागतो, जुनी कागदपत्रं मागतात. यानं एक झेरॉक्सही मागितली नव्हती. नवी पॉलिसी पसंत नाही म्हणून परत करायला तीस दिवस मिळतात, मुदत संपलेली जुनी पुन्हा चालू करायलाही साधारण तेवढीच सवलत असते. दोन्ही मी जुलैमध्येच घालवून बसलो होतो.

एजंटचं म्हणणं, "दादा, मी टॉप-अपच दिली होती, जुनी तुम्ही बंद केलीत." नंतर त्यानं मला ब्लॉक केलं. कंपनीच्या तक्रार विभागानं माझ्याच आवाजाचं रेकॉर्डिंग पुढे केलं. बाई स्पष्ट विचारतेय, पाच लाखांचं डिडक्टिबल आहे, मान्य आहे? आणि मी, मागे एमसीबीचा भाव सांगता सांगता, "हो." ऐकताना कान तापले. मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे गेलो. तिथे फी नाही, वकील लागत नाही, मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. सुनावणीत ती व्हॉट्सॅपची ओळ कामाला आली, 'जुनी भरू नका, पोर्ट होईल'. कंपनी हप्ता परत द्यायला तयार झाली. ९,८७० मिळाले. १,१८,००० गेले ते गेले.

एक सांगायला हवं, सुपर टॉप-अप, म्हणजे वर्षभराचा खर्च एकत्र मोजणारी टॉप-अप, हा माल वाईट नाही. २६,३०० भरून जुनी ठेवली असती आणि वर ही घेतली असती, तर छत्तीस हजारांत पंधरा लाखांपर्यंतचं छत झालं असतं. चांगली वायर होती, मला फिटिंग चुकीचं करून दिलं.

मार्च २०२५मध्ये नवीन घेताना मी जे जूनमध्ये करायला हवं होतं ते केलं, चार ठिकाणी भाव काढले. दहा लाख, आम्ही तिघं, नाशिक, शुगर लिहून. २५ ते ३४ हजार, वर जीएसटी. पंचविसाच्या खाली एकही नाही. त्यातल्या सगळ्यात स्वस्त पॉलिसीत वीस टक्के को-पे होता, म्हणजे प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा आपला. दुसऱ्या एकीत रूम रेंटची मर्यादा होती. ही फार छुपी असते. दिवसाला पाच हजारांची मर्यादा असेल आणि आपण आठ हजारांची खोली घेतली, तर फक्त तीन हजारांचा फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे खोलीशी जोडलेले खर्चही बहुतेक वेळा त्याच प्रमाणात कापतात, आठातले पाच देतात. मुंबई-पुण्याला तर हप्ता याहून जास्त पडतो, कारण शहरागणिक दर आहेत.

मी २७,४००ची घेतली, जीएसटीसह ३२,३३२. फॉर्म स्वतः भरला, ओटीपी स्वतः टाकला, फोन आला तेव्हा दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि प्रत्येक प्रश्न दोनदा विचारायला लावला. सोबत येणारं माहितीपत्रक कंपन्यांनी आता द्यावंच लागतं, ते मागून घेतलं. बायकोनं ते माझ्याआधी वाचलं. सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेलाय, म्हणजे पुढच्या हप्त्यातून तेवढे तरी कमी होतील.

शुगरसाठी मात्र तीन वर्षांचं वेटिंग पुन्हा पहिल्यापासून. जुनी पॉलिसी घेतल्यानंतर शुगर निघाली होती, म्हणून तिथे प्रश्नच नव्हता. आता मार्च २०२८पर्यंत त्यातून काही उद्भवलं, तर खर्च आमचाच. बिलबुकाचं ते पान बायकोनं नव्या पॉलिसीच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवलंय.