घर कोल्हापुरात घ्यायचं की पुण्यात? भावाआधी पगार मांडून बघा

पुण्यात नोकरीला असलेली आपल्याकडची पोरं दिवाळीला आली की एक वाक्य ठरलेलं असतं: "तिकडं ऐंशी लाखांत जे मिळतंय, ते इथं पंचेचाळीसमध्ये मिळतंय." भावापुरतं ते बरोबर आहे. पण शिरोलीच्या फौंड्रीत सुपरवायझर असलेल्या त्यांच्याच वर्गमित्राला ते पंचेचाळीस लाख झेपत नाहीत. घर स्वस्त की महाग, हे विचारण्याआधी ते कोणाच्या पगारातून घ्यायचंय हे विचारायला हवं. म्हणून ही तुलना पगाराच्या बाजूनं केली आहे.

खालचे भाव हिशेबासाठी धरलेले आहेत. तुम्ही बघून आलेल्या फ्लॅटचा आकडा त्या जागी घाला. व्याज साडेआठ टक्के, मुदत 20 वर्षं. या दरानं लाखामागे महिन्याला 868 रुपये हप्ता बसतो. हा 868 पाठ करून ठेवा, बिल्डरच्या ऑफिसात बसल्याबसल्या हिशेब होतो. हप्ता हाती येणाऱ्या कमाईच्या 40 टक्क्यांत बसवला आहे. बँका पन्नासपर्यंतही जातात, पण मुलांची फी आणि आईवडिलांची औषधं चालू असलेल्या घरानं तिथवर जाऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

| टू बीएचके, ताबा तयार | कोल्हापूर | पुणे (वाकड-पुनावळे) | ठाणे |
|---|---|---|---|
| धरलेली किंमत | 45 लाख | 80 लाख | 1 कोटी 40 लाख |
| कर्ज | 36 लाख | 64 लाख | 1 कोटी 5 लाख |
| हप्ता | 31,200 | 55,600 | 91,100 |
| त्यासाठी लागणारी मासिक कमाई (हाती येणारी) | 78,000 | 1,39,000 | 2,28,000 |
| स्वतःची रोकड, स्टॅम्प ड्युटी व नोंदणी धरून | 12 लाख | 21.9 लाख | 45.1 लाख |

ठाण्याबद्दल एवढंच सांगतो की तिथं नुसती रोकड जमवण्यात कोल्हापुरातला अख्खा फ्लॅट जातो. नाईट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या 2024 च्या घर परवडण्याच्या निर्देशांकात मुंबईत सरासरी कुटुंबाच्या उत्पन्नाचा 50 टक्के भाग हप्त्यात जात होता, पुण्यात 23 टक्के. म्हणजे भाव चढे असूनही पुणेकराला घर तुलनेनं झेपतं, कारण तिथं पगार भावाच्या मागोमाग चालतात. आठ मोठ्या शहरांच्या त्या यादीत कोल्हापूर नाही, म्हणून आपला हिशेब आपणच मांडायचा.

पुण्यात नवराबायको दोघं मिळून महिन्याला दीड लाख घरी आणतात असं समजा. वर्षाचे 18 लाख, म्हणजे 80 लाखांचं घर साडेचार वर्षांच्या कमाईएवढं. इकडं कोल्हापुरात एकट्याचा 35 हजार पगार म्हणजे वर्षाचे 4 लाख 20 हजार, आणि 45 लाखांचं घर पावणेअकरा वर्षांच्या कमाईएवढं. या दोघांत महाग घर कोल्हापूरकर घेतोय. त्याच्या पगारात हप्त्याला 14 हजार निघतात आणि त्यावर 16 लाखांचं कर्ज बसतं. तेवढ्यात शहरात टू बीएचके होत नाही. उपनगरात जुना वन बीएचके शोधावा लागतो.

कोल्हापुरात आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे कागदावर न दिसणारी कमाई. दुधाचं बिल, उसाची एफआरपी (कारखान्यानं द्यायचा किमान दर), हुपरीचं चांदीकाम, गुजरीतलं किंवा लक्ष्मीपुरीतलं दुकान, यांतून घर व्यवस्थित चालतं, पण आयकर रिटर्नमध्ये त्यातलं किती दिसतं? बँक रिटर्न बघते. तिथं नकार आला की माणूस पतसंस्थेकडं वळतो. तिथला दर तेरा टक्के धरला तर 20 वर्षांना लाखामागे हप्ता 1,172 होतो. 14 हजारांच्या त्याच हप्त्यावर 16 ऐवजी जेमतेम 12 लाख हातात पडतात. दोन-तीन वर्षांनी घर घ्यायचं मनात असेल तर यंदापासूनच रिटर्न नीट भरायला लागा. त्यावर जाणारा कर या फरकापुढं किरकोळ आहे.

दोघांची मिळून कमाई 60 हजार असेल तर मात्र चांगली वाट आहे आणि ती वापरावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. त्यापुढं 75 लाखांपर्यंत 80 टक्के, आणि त्याहून मोठ्या कर्जाला 75. साठ हजारांत 24 हजारांचा हप्ता बसतो, म्हणजे साडेसत्तावीस लाखांचं कर्ज. तीस लाखांचं घर घेतलं तर स्वतःचे तीन लाख आणि स्टॅम्प ड्युटी-नोंदणीचे दोन-सव्वादोन लाख, एवढ्यावर काम होतं. पंचेचाळीसच्या घराला बारा लाख लागत होते. हा फरक म्हणजे कितीतरी घरांतली सगळी शिल्लक असते. खरेदी बायकोच्या एकटीच्या नावावर केली तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे. वर्षाला 9 लाखांपर्यंत उत्पन्न, 35 लाखांपर्यंत घर आणि 25 लाखांपर्यंत कर्ज असेल, नावावर दुसरं पक्कं घर नसेल, तर प्रधानमंत्री आवास योजना 2.0 मध्ये व्याजावर 1 लाख 80 हजारांपर्यंत अनुदानही बसू शकतं.

तीस लाखांच्या आसपास शोधायला लागलं की दोन दिशा समोर येतात. एक, शहराच्या कडेची गावं: पाचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडी. हद्दवाढ 1972 पासून अडलेली, त्यामुळं ही गावं शहराला चिकटून असूनही ग्रामपंचायतीत आहेत. भाव उतरतो, पण पाण्याचा प्रश्न स्वतः विचारून घ्यावा लागतो: नळाला किती दिवसाआड येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, आणि त्याचे पैसे कोण देतं. बांधकामाला नगरविकास प्राधिकरणाची मंजुरी नसेल तर नुसत्या ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर बँक सहसा कर्ज देत नाही.

दुसरी दिशा पंचगंगा नदीकडची, आणि तिथं मी हात जोडून सांगतो की घाई करू नका. राजाराम बंधाऱ्यावर नदीची धोक्याची पातळी 43 फूट आहे. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि 2021 ला पुन्हा तेच झालं. नागाळा पार्क, रमणमळा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, जाधववाडी, कदमवाडी अशा भागांत काही इमारतींना पाणी लागलं, काहींना लागलं नाही. कधीकधी एकाच गल्लीत हा फरक आहे. फ्लॅट बघायला गेलात की आधी पार्किंगमध्ये उभे राहा. इमारत जुनी आणि खांबांचा कंबरेपर्यंतचाच रंग नवा असेल, मीटरचे बोर्ड वर सरकवलेले असतील, तर समजून घ्या. मग समोरच्या दुकानदाराला विचारा, "एकोणीसला पाणी कुठवर आलतं?" तो फुटात सांगेल. भावात चार-पाच लाखांची सूट मिळत असेल तर ती नेमकी याचीच असते, आणि पहिल्या पुरात मोटार, मीटर, लिफ्ट, गाड्या यांत जाते.

अजून एक. कोल्हापुरात आठ फ्लॅटपर्यंतच्या छोट्या अपार्टमेंट भरपूर आहेत, आणि अशा प्रकल्पाला महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, नोंदणीची सक्ती नाही. भोगवटा प्रमाणपत्र बघितल्याशिवाय इसार देऊ नका. ते असेल तर जीएसटीही लागत नाही.

आता पुण्यात कमावून कोल्हापुरात गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेणाऱ्यांविषयी. इथला हप्ता 31,200, वाकडचं भाडं 27 हजार धरा, इथून येणारं भाडं 12 हजार. महिन्याला पदरचे 46 हजार जातात. साडेनऊ हजार आणखी घातले की पुण्यातल्या स्वतःच्या घराचा हप्ता निघतो. रोकड दहा लाखांनी जास्त लागते, हे खरं. पण निदान पुढची दहा वर्षं नोकरी पुण्यातच असेल तर मी पुण्यात घ्या म्हणेन, लहान घ्या, पण पुण्यात घ्या. अपवाद एकच: त्या फ्लॅटमध्ये आईवडील राहायला जाणार असतील. मग तो गुंतवणुकीचा हिशेब उरत नाही. तेव्हा लिफ्ट चालते का, दवाखाना किती लांब, आणि पावसाळ्यात रस्ता चालू राहतो का, एवढंच बघायचं.

परत येणार म्हणणाऱ्यांनी इथल्या पगाराचं पत्र हातात पडेपर्यंत भाड्यानं राहावं. दहा-पंधरा हजारांत इथं चांगलं टू बीएचके भाड्यानं मिळतं, आणि इथल्या पगारात किती हप्ता निभतो ते सहा महिन्यांत तुमच्याच पासबुकात दिसेल.